चार जिन्नस, नाना चवी

आमच्या गावात वडीलधाऱ्यांना दारू हा एकच शब्द पुरतो. हातभट्टी असो, देशी असो की बीअर. सगळे एकाच मापाने मोजायचे. उलट चौकातली पोरे म्हणतात, "बीअर म्हणजे काही दारू नव्हे, सातूचे पाणी ते!" दोन्हीकडे ठाम मत आहे, माहिती मात्र थोडी. महाराष्ट्रात बीअरसाठी किमान वय २१ आहे आणि माझे १९. तेव्हा पुढे वर्णिलेल्या चवी वाचनातून कळलेल्या आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

बीअरचे मुख्य जिन्नस चार: सातू म्हणजे जव, पाणी, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. सातू भिजवून त्याला मोड आणतात, वाळवतात आणि कमीअधिक भाजतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या घरांना ही रीत नवी नाही. अशा सातूला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात घातले की दाण्यातील पिठूळ भागाची साखर होते. ते गोड पाणी गाळून त्यात हॉप घालून उकळतात. हॉपने कडूपणा व सुगंध येतो आणि पेय टिकते. निवल्यावर यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की, बीअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. त्यात यीस्टचे नाव नाही, कारण त्याचे कार्य तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. पुढे १८७६ साली लुई पाश्चरने बीअरवर ग्रंथ लिहून ते उलगडून दाखवले.

मग एवढ्याशा जिनसांतून इतके प्रकार कसे होतात?

पहिला भेद यीस्टचा. एल या प्रकारातील यीस्ट सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअस उष्णतेत काम करते आणि फळांसारखा वास देते. लागरचे यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश आंबवते. चव स्वच्छ, साधी येते. लागर या शब्दाचे मूळच जर्मन भाषेतील 'साठवणे' या अर्थाच्या शब्दात आहे.

दुसरा भेद भाजण्याचा. फिकट माल्टला पावाची, बिस्किटाची चव असते. कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत दाणा भाजला की आयर्लंडची काळी स्टाउट होते, आणि तिची चवही कॉफीकडे झुकते.

तिसरा भेद पाण्याचा. बोहेमियातील पिल्सन गावचे पाणी अतिशय मृदू. तेथे १८४२ साली योसेफ ग्रोल याने फिकट माल्ट आणि जवळच्या झाटेक भागातील सुगंधी हॉप वापरून सोनेरी लागर तयार केली, तीच पिल्सनर. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात मात्र जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉपचा कडूपणा खणखणीत उतरतो. एकोणिसाव्या शतकात तेथील फिकट, जास्त हॉप घातलेली एल पिंपांतून हिंदुस्थानातील गोऱ्यांसाठी येई. इंडिया पेल एल या नावात आपला देश आला तो असा.

बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचे असते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळे नसते की लवंग नसते. ती सारी यीस्टची करामत. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळ लाँबिक करतात. तिच्यात यीस्ट घालतच नाहीत. उकळलेले पाणी रात्रभर उघड्यावर निवू देतात, आणि हवेतले व लाकडी पिंपातले जंतू ते आंबवतात. एक ते तीन वर्षांनी तयार होते ती आंबट बीअर. आपले इडलीचे पीठही विरजणावाचून आपोआप आंबतेच की!

आता चौकातल्या पोरांच्या बोलण्याकडे वळू. काळी बीअर जहाल आणि सोनेरी सौम्य, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात गिनेस या काळ्या स्टाउटमध्ये मद्यार्क सुमारे ४.२ टक्के आणि सोनेरी पिल्सनर उर्केलमध्ये ४.४ टक्के असतो. भारतात 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये तो ८ टक्क्यांपर्यंत जातो, आणि तीही बहुधा सोनेरीच दिसते! रंग येतो भाजण्यातून. नशा येते साखरेच्या मद्यार्कातून. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांना सांगावेसे वाटते की, या पेयामागे शेती, पाणी आणि शास्त्र यांचा मोठा इतिहास आहे. तो वाचल्याने कोणी बिघडत नाही. आणि पोरांना सांगावेसे वाटते की, चवी नाना असल्या तरी मद्यार्क सर्वांत एकच आहे. सातूच्या पाण्याने कोणाचा संसार मोडत नाही. मोडतो तो यीस्टने त्या पाण्यात जे तयार केले त्याने. बाटलीचा रंग पाहू नये, तिच्यावरचा आकडा वाचावा. वाचता येते म्हणूनच तर आपण शिकलो.