पहिल्या दिवशी टाकीत दूध नको, पाणी भरा



आज आपण दूध थंड करण्याच्या यंत्राविषयी, म्हणजे आपल्या बल्क कूलरविषयी बोलणार आहोत. कर्ज कसं मिळतं, यंत्र कोणतं घ्यावं, हा आजचा विषय नाही. यंत्र गावात आलं, बसवून झालं आणि आता पहिल्यांदा सुरू करायचं आहे, त्या दिवशी आपण काय काय बघायचं, एवढंच आज सांगतो.

हे सांगायचं कारण आमच्याच गटांत घडलं. एका गावात यंत्र बसलं. मेकॅनिकनं बटण दाबलं, यंत्र सुरू झालं, नारळ फुटला, पेढे वाटले. ‘यंत्र चालू स्थितीत मिळाले’ या कागदावर अध्यक्षताईंनी सही केली. संध्याकाळी 320 लिटर दूध टाकीत पडलं. रात्री लाईट गेली, जनरेटर लावला. यंत्राचा आवाज अधूनमधून येत होता, म्हणून सगळ्या निवांत झोपल्या. सकाळी झाकण उघडलं तर आंबूस वास! टँकरवाल्यानं दूध घेतलं नाही. ते ओतून द्यावं लागलं आणि बायांचे पैसे गटाच्या बचतीतून भागवावे लागले. कंपनीकडं गेलो तर उत्तर मिळालं, “तुमची सही आहे.”

चूक कुठं झाली ते कळण्यासाठी आधी यंत्र काय करतं ते बघू.

पाणी आपोआप वरून खाली वाहतं. खालून वर आणायचं तर मोट लागते, बैल लागतात. उष्णतेचंही तसंच आहे. ती आपोआप गरमाकडून गाराकडं जाते. गार होत चाललेल्या दुधातली उष्णता काढून बाहेरच्या तापलेल्या हवेत टाकायची, तर ती ओढून काढावी लागते. इथं नळ्यांत फिरणारा गॅस म्हणजे मोट आणि कॉम्प्रेसर म्हणजे बैल. टाकीच्या तळाशी गॅस दुधाची उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो तसा तो आणखी तापतो, आणि बाहेरच्या जाळीत पंख्याच्या वाऱ्यानं ती उष्णता सोडून देतो. विहिरीच्या पाण्यातली ऊब ओढून दुसरीकडचं पाणी तापवणारी यंत्रंही असतात, त्यांना हीट पंप म्हणतात. आपला कूलर त्यांचाच भाऊ.

500 लिटर दूध 35 अंशावरून 4 अंशावर आणायचं तर साधारण 18 युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. पण वीज जळते त्याच्या जवळपास एक तृतीयांश, कारण यंत्र उष्णता तयार करत नाही, फक्त वाहून नेतं. उन्हाळ्यात बाहेरची हवा तापलेली असली की वीज थोडी जास्त लागते.

त्या गावात रात्री मोटेचे बैल उलटे फिरत होते. थ्री फेजच्या तीन तारा ठरलेल्या क्रमानं जोडाव्या लागतात. क्रम उलटला की स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरतो. आवाज करतो, पण गॅस दाबत नाही. मग तापून आपोआप बंद पडतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. महावितरणच्या लाईटवर तारांचा क्रम बरोबर होता, जनरेटरवर उलटा. जनरेटरवर यंत्र कुणी चालवून बघितलंच नव्हतं.

पुढच्या गावात यंत्र आलं तेव्हा आम्ही ठरवलं, पहिला दिवस पाण्याचा. त्या दिवशी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. वही-पेन घ्या.

आदल्या दिवशी: यंत्राचा मेन स्वीच 12 ते 24 तास आधी चालू करून ठेवायला सांगा. कूलिंगचं बटण मात्र बंद ठेवा. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं आणि यंत्र बंद असताना गॅस त्यात मुरतो. तेल तापवणारा छोटा हीटर असेल तर तो गॅस बाहेर निघतो. घाईनं सुरू केलं तर कॉम्प्रेसरला इजा होते. किती तास ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

त्याच दिवशी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपण ओल्या फरशीवर, कधी अनवाणी काम करतो. करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्वीच, म्हणजे ईएलसीबी, बसवलेला हवाच. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो खटकन पडतो का ते डोळ्यांनी बघा.

सकाळी: टाकीला पाणसळ लावा. टाकी तिरकी असेल तर मोजपट्टी खोटं बोलते. मग मापाच्या कॅननं मोजून पाणी ओता आणि पट्टीवरचा आकडा कंपनीच्या तक्त्याशी जुळतो का ते बघा. टँकरला दूध देताना हाच आकडा आपले पैसे ठरवतो.

थर्मामीटरही तपासा. बर्फ आणि पाण्याच्या काल्यात साधा थर्मामीटर 0 अंश दाखवायला हवा. तो बरोबर निघाला की टाकीतल्या पाण्यात धरून यंत्राच्या आकड्याशी ताडून बघा.

आता कूलिंग सुरू करा. ढवळणी फिरते का? जाळीचा पंखा बरोबर दिशेनं फिरतो का? दर अर्ध्या तासाला तापमान लिहा. 35 वरून 4 अंशावर यायला बहुतेक यंत्रांना तीन ते साडेतीन तास लागतात. विहिरीचं पाणी 26 अंशांचं असेल तर त्याहून कमी वेळ लागायला हवा. पाणी गार व्हायला दुधापेक्षा किंचित जड, म्हणून पाणी वेळेत उतरलं तर दूधही उतरेल.

मग मेन स्वीच पाडा आणि जनरेटरवर हेच सगळं पुन्हा करा. आम्ही हे करायला लावलं तेव्हा मेकॅनिक दादा म्हणाले, “ताई, गरज नाही, मला संध्याकाळी दुसरीकडं जायचंय.” आम्ही चहा दिला, पण सही दिली नाही. जनरेटर लावला आणि कॉम्प्रेसरचा आवाज बदलला. तापमान अर्धा तास तिथल्या तिथंच. इथंही क्रम उलटाच होता! वायरमननं वीज बंद करून दोन तारांची अदलाबदल केली, दहा मिनिटांत काम झालं. क्रम उलटला तर यंत्र सुरूच होऊ न देणारा रिलेही नंतर बसवून घेतला. ही कामं वायरमनचीच, आपण तारांना हात लावायचा नाही. लाईट गेल्यावर यंत्र तीन-चार मिनिटं थांबून मगच सुरू होतं ना, तेही बघून घ्या.

तुमच्या यंत्राला गरम पाण्याची टाकी जोडलेली असेल तर कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला गॅस आधी तिथून जातो आणि धुण्याचं पाणी फुकटात गरम होतं. पाणी खरंच तापतं का, तेही त्याच दिवशी बघा. आपल्याकडच्या जड पाण्यानं आत खपली धरते, ती कधी आणि कशी काढायची हे विचारून ठेवा. दुधाची टाकी धुताना मात्र आधी साधं किंवा कोमट पाणी, मग साबणाचं गरम पाणी. आधीच कढत पाणी ओतलं तर दुधाचा थर चिकटून बसतो.

शेवटी कागद. तिन्ही फेजचं व्होल्टेज, करंट, गॅसचे दोन्ही दाब आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचं तापमान मेकॅनिककडून लिहून घ्या, त्यांची सही घ्या, मग आपली करा. अंगणवाडीत बाळाचं पहिलं वजन कार्डावर लिहितात, तसंच हे. पुढं यंत्र अशक्त झालं तर याच आकड्यांवरून कळतं.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन दूध भरा. टाकीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी दूध असेल तर कूलिंग लावू नका, तळाशी बर्फ धरतो. आणि लक्षात ठेवा, गारव्यानं जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते. स्वच्छ धार काढणं आपल्याच हातात आहे.

हप्ता आपण भरतो, दूध आपलं जातं, मग एक दिवस थांबायला सांगण्याचा हक्कही आपलाच. पुढच्या बैठकीत ही यादी वाचून दाखवा आणि कोणती ताई कोणता आकडा लिहिणार, ते आधीच ठरवून ठेवा.