बर्र : गावच्या भट्टीत घडलेली दुर्बीण

आयर्लंडच्या ऑफली परगण्यात कॅमकोर नदी लिटल ब्रॉस्नाला मिळते, त्या संगमावर बर्र हे टुमदार गाव वसलं आहे. गाव लहान, पण इतिहास मोठा. इ. स. ६९७मध्ये आयोना मठाचे प्रमुख अ‍ॅडॉमनान यांनी इथे धर्मसभा भरवली. युद्धात स्त्रिया, मुलं आणि धर्मगुरूंना अभय देणारा कायदा या सभेत संमत झाला.

मात्र बर्रचं नाव जगभर झालं ते एका दुर्बिणीमुळे.

पार्सन्स घराणं १६२०पासून इथल्या गढीत राहतं. या घराण्यातले विल्यम पार्सन्स, म्हणजे रॉसचे तिसरे अर्ल, यांनी १८४०च्या दशकात सहा फूट व्यासाचा आरसा घडवायला घेतला. त्यासाठी लंडनचे कारागीर आणले नाहीत. गावातल्याच माणसांना हाताशी धरून त्यांना हे काम शिकवलं. तांबं आणि कथील वितळवायला भट्टीत जळत होतं ते आसपासच्या दलदलीतून कापून वाळवलेलं पीट. हा मिश्रधातू काचेसारखा ठिसूळ असतो. घाईनं निवला की तडकतो. म्हणून साच्यात ओतलेली सुमारे तीन टनांची चकती बंद भट्टीत कित्येक आठवडे हळूहळू थंड होऊ दिली. मग वाफेच्या यंत्रावर ती घासून चकचकीत केली. धातूचा आरसा लवकर काळवंडतो, त्यामुळे असे दोन आरसे केले. एक वापरात असताना दुसऱ्याला पुन्हा झिलई देता येई.

१८४५मध्ये या दुर्बिणीतून पार्सन्स यांनी एम-५१ या तेजोमेघाची सर्पिल रचना पाहिली आणि तिचं चित्र काढलं. ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचं कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १८४५मध्येच बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला. निरीक्षणं बाजूला ठेवून अर्ल मदतकार्याला लागले. आकारात मात्र ही दुर्बीण १९१७पर्यंत जगात पहिली राहिली.

पुढे ती मोडकळीला आली. एक आरसा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेला, लाकडी नळी आणि दोन उंच भिंती उन्हापावसात उभ्या राहिल्या. १९९०च्या दशकात जीर्णोद्धार ठरला तेव्हा दोन स्त्रियांचं जुनं काम उपयोगी पडलं. अर्लच्या पत्नी मेरी रॉस या छायाचित्रणातल्या आद्य कलावंतांपैकी एक. त्यांनी दुर्बिणीची छायाचित्रं काढून ठेवली होती. अर्लची चुलतबहीण मेरी वॉर्ड सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणारी अभ्यासक. तिनं दुर्बिणीच्या बांधणीची रेखाटनं केली होती. १८६९मध्ये बर्रच्याच रस्त्यावर वाफेच्या गाडीखाली सापडून ती गेली. जगातल्या पहिल्या मोटार अपघाती मृत्यूंमध्ये त्या घटनेची नोंद होते.

त्या छायाचित्रांच्या आणि रेखाटनांच्या आधारानं दुर्बीण पुन्हा उभी राहिली. गढीच्या आवारात मेरी रॉस यांची अंधारखोलीही सापडली. २०१७पासून त्याच आवारात आय-लोफार हे रेडिओ दुर्बीण केंद्र चालतं. युरोपभर पसरलेल्या अँटेनांच्या जाळ्याशी ते जोडलेलं आहे.