घरातला लिनक्स सर्व्हर: कंटेनर बिनधास्त पुसा, डेटा जपा

आज घरी लिनक्स सर्व्हर उभा करून त्यावर कंटेनर कसे चालवायचे, ते बघू. बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तर कमांड पाठ करायच्या भानगडीत पडू नका. कुठली गोष्ट कशासाठी, एवढं डोक्यात बसलं की टाईप करायला कधीही येतं.

पहिलं म्हणजे मशीन विकत घेऊ नका. घरात कपाटावर पडलेला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप पुरतो. चार जीबी रॅमवर सुरुवात होते, आठ असेल तर मजा. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तेवढी काढून एसएसडी टाका. स्क्रीन फुटली असेल तरी हरकत नाही, बसवताना टीव्हीला जोडा. आणि बॅटरी धड असेल तर तो फुकटचा यूपीएस आहे. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाणार हे ठरलेलं. सर्व्हरला पत्ताही लागत नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर आधी काढून टाका, तिथे काटकसर नको. बिलाची काळजी घरचे करतातच, तर हिशोब सांगून ठेवा: 15 वॅट, 24 तास, 30 दिवस, म्हणजे महिन्याला 10.8 युनिट.

त्यावर डेबियन बसवा. इन्स्टॉलर विचारेल तेव्हा डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची ठेवा. लॅपटॉप मिटला की झोपू नये म्हणून सिस्टिमडीच्या लॉगइनडी फाईलमध्ये 'हँडल लिड स्विच' या ओळीपुढे 'इग्नोर' लिहा. राउटरमध्ये या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवा. झालं, आता तो टीव्हीमागे ठेवून द्या.

आता कंटेनर. बरेच जण त्याला छोटा कॉम्प्युटर समजतात, तसं नाहीये. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला: पाया वेगळा, टाकी वेगळी. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. पाया सगळ्यांचा एकच, तो म्हणजे लिनक्सचा कर्नल. खोल्यांमधल्या भिंतींचं काम नेमस्पेस करतात, त्यामुळे एका खोलीतल्या प्रोग्रामला दुसरीतलं काही दिसत नाही. कोणाला किती पाणी, म्हणजे किती मेमरी आणि किती प्रोसेसर, हे सीग्रुप ठरवतात. सीग्रुप कर्नलमध्ये 2008 साली आले, डॉकर आलं 2013 मध्ये. डॉकरनं भिंती शोधल्या नाहीत, खोली पाच मिनिटांत भाड्याने मिळायची सोय केली. म्हणूनच आपल्या जुन्या लॅपटॉपवर आठ-दहा खोल्या आरामात मावतात.

आता नीट ऐका, कारण नवशिके नेमके इथेच रडतात. कंटेनर ज्या इमेजवरून तयार होतो ती फक्त वाचता येते. चालू असताना तो जे लिहितो ते वरच्या एका पातळ थरात जातं. कंटेनर पुसला की तो थरही गेला. आणि कंटेनर पुसावा तर लागतोच! नवीन व्हर्जन घ्यायचं म्हणजे जुना कंटेनर फेकून नव्या इमेजवरून दुसरा बनवायचा. डॉकरमध्ये अपडेट असंच असतं.

आमच्या सर्व्हरवर इमिच चालतं, घरच्या फोनमधले फोटो त्यात जमा होतात. शेजारच्या फोल्डरमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, काकानं मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही, काकाचा तो मोबाईलही नाही. इमिच पुसलं तर दहा मिनिटांत परत येतं. ओव्या कुठून आणणार?

त्यामुळे माझी मांडणी अगदी साधी आहे. 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये प्रत्येक अ‍ॅपचं एक फोल्डर, त्यात त्याची कंपोज फाईल आणि त्याचा डेटा. कंपोज फाईलमध्ये व्हॉल्यूमखाली लिहायचं की बाहेरचा हा फोल्डर आतल्या त्या जागी जोड. रीस्टार्टपुढे 'अनलेस स्टॉप्ड' लिहिलं की मशीन परत चालू झाल्यावर अ‍ॅप आपोआप उठतं. मग रोज रात्री रेस्टिक हा सगळा फोल्डर यूएसबी डिस्कवर घेतं आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावी असलेल्या डिस्कवर. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: चालू असलेल्या डेटाबेसच्या फायली तशाच कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत हाती येतील. पोस्टग्रेस असेल तर आधी त्याचा डंप काढा आणि डंपचा बॅकअप घ्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

बाहेरून सर्व्हर कसा गाठायचा? राउटरमध्ये पोर्ट उघडा, असं खूप व्हिडिओ सांगतात. मी सांगणार नाही. एक तर आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर सीजीनॅट असतं, म्हणजे इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला. राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही त्यातलेच. पोर्ट उघडूनही काही होणार नाही. दुसरं, यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून निर्धास्त बसू नका. डॉकर उघडे केलेले पोर्ट त्याच्या नियमांना वळसा घालून जातात. म्हणून कंपोजमध्ये नुसतं पोर्ट न लिहिता पुढे 127.0.0.1 जोडा, म्हणजे ते फक्त त्या मशीनपुरतं राहील. मग सर्व्हरवर आणि घरच्यांच्या फोनवर टेलस्केल टाका. ते वायरगार्डवर चालतं, सीजीनॅट असलं तरी अडत नाही. त्यातलं 'सर्व्ह' वापरलं की ते पोर्ट तुमच्याच फोनना दिसतं, बाकी जगाला नाही.

अजून एक. स्वतःचा युजर डॉकर ग्रुपमध्ये टाकला की सुडो लिहायचा कंटाळा वाचतो खरा, पण त्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे रूट असणंच. धाकट्या भावाला तिथे अकाउंट काढून देताना हे आठवा.

या शनिवारी कंपोज फाईल लिहून एकच अ‍ॅप चालवा. त्यात दोन फोटो टाका, कंटेनर मुद्दाम पुसा, परत बनवा आणि फोटो आहेत का बघा. असतील तरच खरे फोटो टाकायला घ्या.