जिप्सी किती इंच उचलावी?

मारुती जिप्सीचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, तरी कोकणात जुन्या जिप्सीला अजून गिऱ्हाईक आहे. घेणारा इंजिनाचं नंतर विचारतो, आधी विचारतो, "ही किती इंच उचलता येईल?" माझ्या थोरल्या भावाचं चिपळूणला गॅरेज आहे. तिथल्या बाकड्यावर बसून मी पुष्कळ कविता लिहिल्या आणि हा प्रश्नही पुष्कळदा ऐकला. भाईजान त्यावर उलट विचारतात, "कशाला उचलायची, ते आधी सांग."

प्रश्न खोचक वाटेल, पण सगळं त्यातच आहे. जिप्सीला चारही चाकांना पाटे असतात. जास्त बाकाचे पाटे घातले, किंवा ते ज्या शॅकलवर टांगलेले असतात ती लांब केली, की चासी आणि बॉडी वर जाते. मोठ्या दगडावरून जाताना गाडीचं पोट घासत नाही, मोठ्या टायरला जागा होते. एक्सल मात्र होता तिथंच राहतो. त्याच्यावरचा डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबत असतो. चार इंच वाढवा नाहीतर सहा, तो गोळा दगडाला पूर्वीइतकाच लागणार. त्याला वर नेतात ते टायर, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानंच. पंधरा इंची रिमवर २०५/७० चे टायर काढून २१५/७५ चे घातले, तर व्यास साधारण ३५ मिलिमीटरनं वाढतो. गोळा वर जातो जेमतेम १७-१८ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. काटा साठवर, गाडी त्रेसष्टवर.

ओळीत एक मात्रा वाढवली की सगळं वृत्त अडखळतं, हे आम्हा कविता करणाऱ्यांना ठाऊक असतं. गाडीचंही तसंच. उंची वाढली की प्रॉपेलर शाफ्ट जास्त तिरके होतात, त्यांचे क्रॉस लवकर झिजतात, ठरावीक वेगाला गाडी थरथरते. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. जुने शॉकॲब्सॉर्बर आखूड पडतात. मग चाक खड्ड्यात उतरू लागलं की शॉकच त्याला अडवून धरतो. म्हणजे पैसे मोजून चाकाची हालचाल कमी करून घेतली! लांब शॅकल हा स्वस्तातला उपाय. पण एक इंच उंचीसाठी ती दोन इंच वाढवावी लागते, पुढचा एक्सल किंचित फिरतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. काही जण तर एक्सलखालचे पाटे एक्सलच्या वर बसवतात. गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते. खडकाळ नदीपात्रातल्या स्पर्धांना ते ठीक, पण स्टिअरिंगचे दांडे बदलले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात गाडी बाजूला ओढते.

गेल्या वर्षी भाच्यानं जिप्सी घेतली. "मामू, चार इंच तरी पाहिजेत," म्हणाला. त्याची बागेकडची जांभ्याची वाट तीन किलोमीटरची. बाकी सगळं डांबर, त्यात कुंभार्ली घाट. जिप्सीची रुंदी १५४० मिलिमीटर. वजन जितकं वर न्याल तितकी ती वळणावर अधिक कलणार. आणि मागच्या आडव्या बाकांवर बसणार कोण? त्याची मुलं आणि आमची आपा. आपाला गुडघेदुखीमुळे आत्ताच चढताना हात द्यावा लागतो.

शेवटी ठरलं ते दीड इंच. शॅकल तीच, पाट्यांचा पूर्ण संच नवा, त्याला जोडीचे लांब शॉक, आणि २१५/७५ चे टायर. पाटे निवडताना भाईजाननी गाडीत नेहमी किती ओझं असतं ते विचारलं. आपल्याकडं जुन्याच संचात एक पाटा वाढवून मोकळे होतात. गाडी उचलते खरी, पण कडक होते. रिकामी असली की डांबरावरच्या लहानशा खड्ड्यातही चाक उडतं, आणि उडालेलं चाक ना वळतं, ना ब्रेकला दाद देतं.

कायदाही पाहायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या नमुन्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पंधरा वर्षं झालेली गाडी फेरनोंदणीसाठी आरटीओच्या तपासणीला न्यावीच लागते. म्हणून काम करण्यापूर्वी तिथं विचारावं, विमा कंपनीलाही लेखी कळवावं. काम झाल्यावर ॲलाइनमेंट तपासावी, हेडलाइट खाली वळवून घ्यावेत, नाहीतर घाटात समोरच्याचे डोळे दिपतात. नवे पाटे बसेपर्यंत थोडे दबतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. पाचशे किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळून घ्यावेत.