लाडाने कुजलेली मुळं

आमच्या शिवणवर्गातल्या एका मुलीने पहिल्या पगारातून मला ऑर्किड आणून दिलं. जांभळं फॅलेनॉप्सिस! मी तुळशीसारखं रोज पाणी घातलं. महिन्याभरात पानं लुळी पडली. तहानलंय समजून आणखी पाणी! शेवटी कुंडीतून काढलं, तर मुळं काळी, पिचपिचीत. आपली सीतेची वेणी झाडाच्या सालीवर, वाऱ्यावर वाढते. हे त्याच जातकुळीतलं, हे ध्यानातच आलं नाही बघा. कुजकं कापलं, सालीच्या आणि कोळशाच्या तुकड्यांत लावलं, पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. आता मुळं हिरवी दिसली की पाणी नाही, रुपेरी झाली की घालायचं. पानांच्या बेचक्यात थेंब राहू देत नाही.

परवा ती आली. ‘काकू, फुलं कुठायत?’ खरं ते सांगितलं. एक नवं मूळ फुटलंय, तेवढं दाखवलं.