लहान मुले आणि छोटे श्वान : सुरक्षित सहवासाची जबाबदारी मोठ्यांची

वाराणसीतील दुर्गाघाटाचा परिसर पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती म्हणून ओळखला जातो. नाना फडणवीसांचा वाडाही याच भागात आहे. काशीचे कोतवाल मानल्या जाणाऱ्या काळभैरवाचे मंदिर येथून जवळच असून, भैरवाचे वाहन म्हणून श्वानाला खाऊ घालण्याची प्रथा या नगरीत आहे. मात्र अरुंद गल्ल्या, घाटाच्या उंच पायऱ्या आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे यांमुळे कुत्रा व मूल या दोघांनाही प्रसंगी दूर सरकण्यास जागा अपुरी पडते. मुंबई-पुण्यातील लहान सदनिकांमध्येही हीच अडचण जाणवते. म्हणूनच घरात रांगते मूल आणि छोटा कुत्रा एकत्र वाढत असतील, तर ममतेच्या जोडीला काही नियमही पाळावे लागतात.

छोटा म्हणजे निर्धोक नव्हे

पॉमेरेनियन किंवा पग यांसारखे लहान चणीचे कुत्रे मुलांसाठी निर्धोक असतात, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुतः अशा कुत्र्यांना मुलांपासूनही धोका असतो. मुलाच्या हातून पडल्यास किंवा मूल अंगावर पडल्यास त्यांचे हाड मोडू शकते. शेपूट ओढणारे, घट्ट कवटाळणारे मूल त्यांना भीतिदायक वाटते आणि या भीतीपोटीच ते चावा घेतात. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ येत असल्याने डोके, चेहरा व मान येथे जखमा होण्याची शक्यता अधिक असते.

इशारा ओळखावा

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा इशारा देतो. तोंड फिरवणे, वारंवार ओठ चाटणे, झोप आलेली नसतानाही जांभई देणे, शेपूट पायांत घालणे, अंग ताठ करणे आणि अखेरीस गुरगुरणे या त्याच्या अस्वस्थतेच्या खुणा आहेत. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला शिक्षा करू नये. शिक्षेच्या भीतीने तो गुरगुरणे सोडतो आणि पुढे कोणतीही सूचना न देता चावू शकतो. अशा वेळी मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे.

घरातील व्यवस्था

कुत्रा कितीही गरीब स्वभावाचा असला, तरी लहान मूल आणि तो यांना क्षणभरही एकटे सोडू नये. मूल पोहोचू शकणार नाही अशी एक जागा कुत्र्याच्या विश्रांतीसाठी राखून ठेवावी. तो जेवत वा झोपलेला असताना, तसेच मादी पिलांजवळ असताना मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. मुलाने कुत्र्याला उचलण्याऐवजी जमिनीवर बसून, मोठ्यांच्या देखरेखीखाली त्याच्या पाठीवरून हळुवार हात फिरवावा. थोड्या वेळाने हात मागे घ्यावा. कुत्रा आपणहून जवळ आला तरच पुन्हा स्पर्श करावा. कुत्र्याला वेळोवेळी जंतांचे औषध द्यावे आणि खेळून झाल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत.

लहानसा ओरखडाही गंभीर

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार लोक या रोगाने दगावतात आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. ओरडा बसेल या भीतीने मुले चावल्याचे घरी सांगत नाहीत. त्यामुळे असे काही घडल्यास लगेच सांगावे, हे त्यांना आधीपासूनच समजावून ठेवावे.

चावा किंवा ओरखडा लहान असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना वा तिखट लावू नये आणि त्वरित रुग्णालय गाठावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. मधली मात्रा चुकवू नये. जखम खोल असल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. घरातील कुत्र्याचे लसीकरण पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर करून घ्यावे.

लुई पाश्चर यांनी १८८५ साली ज्याच्यावर या रोगाची लस प्रथम वापरली, तो जोसेफ माइस्टर अवघ्या ९ वर्षांचा होता. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा भारताने २०२१ मध्ये जाहीर केला. मात्र हे उद्दिष्ट साध्य होण्यासाठी शासकीय यंत्रणेइतकीच घराघरांतील दक्षताही महत्त्वाची आहे.