बिनमाइकची बैठक

वय झालेला आवाज हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात ऐकवू नये, या मताची मी आहे. त्याची जागा घरातल्या हॉलमध्ये, सतरंजीवर, तीस-चाळीस माणसांच्या पुढ्यात. माइक लावला की त्या आवाजातली धाप आणि थरथर तेवढी मोठी होते. जे खरं ऐकायचं असतं, म्हणजे शब्द कुठे धरला आणि कुठे अलगद सोडला, ते स्पीकरमधून येईपर्यंत सपाट झालेलं असतं. मी तानपुऱ्यावर मागे बसणारी बाई. गाणाऱ्याच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून ऐकत आले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत गाण्याला तोटा नाही. ठाण्यात तलावपाळीवर गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर. कल्याण गायन समाज ही जुनी संस्था अजून नेटानं चालू आहे आणि तिच्या महोत्सवाला भास्करबुवा बखल्यांची ‘देवगंधर्व’ ही पदवी लाभली आहे. संगीतभूषण राम मराठे ठाण्याचेच. त्यांच्या नावानं महापालिका संगीत समारोह भरवते. पण रामभाऊंचं गाणं मुळात मोठ्या जागेचं. विद्याधर गोखल्यांच्या ‘मंदारमाला’ या संगीत नाटकात (१९६३) त्यांनी बैजूची भूमिका उभी केली, चालीही त्यांच्याच. ती तान आणि ती लयकारी शेवटच्या रांगेपर्यंत जायचीच. सगळं गाणं तसं नसतं, आणि कुठलाच आवाज जन्मभर तसा राहत नाही.

डोंबिवली पूर्वेला एका स्नेह्यांच्या घरी पावसाळ्यात नाट्यपदांची बैठक होते. गेल्या खेपेला गायला बसल्या त्या आजी सत्त्याहत्तर वर्षांच्या. तरुणपणी संगीत नाटकांतून कामं केलेल्या. पेटीवरचे काका त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. आजींची पट्टी पूर्वी काळी पाच होती, आता पांढरी पाचवर आल्या आहेत. काकांनी पेटीचे खर्जाचे सूर बंदच ठेवले होते आणि भाताही इतका हलका की पेटी आहे हे मध्येच विसरायला व्हावं. तबलजी त्या मानानं तरुण, साठीचे. त्यांना आजींनी एकदाच मागे वळून सांगितलं, “हात हलका ठेवा हं.”

माझं काम सगळ्यांच्या आधी सुरू होतं. जुलैच्या दमट हवेत मिरजेचा तानपुरा लवकर लागत नाही. खुंटी घसरली तर तिला खडू लावायचा. आधी मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात मिळवायच्या, मग पंचम, मग खर्ज. उरलेला बारीक फरक खाली मणी सरकवून काढायचा. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढेमागे करत राहायचं. एका जागी तार नुसती ठणठणते. दोरा जरासा सरकला की तीच तार उघडते, तिच्यातून वरचे स्वर झिरपू लागतात. ही जव्हारी. घोडीचा माथा कानसून तिला नेमका उतार देणारे कारागीर मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हा वरच्या स्वरांचा झिरपा दहा-पंधरा फुटांपलीकडे विरतो. खोलीत तो चारी बाजूंनी कानावर येतो. सभागृहात त्याचा नुसता गुंजारव उरतो.

हेच दुखणं युरोपात चारशे वर्षांपूर्वीच्या एका वाद्याचं होतं. ल्यूट हे अरबी ऊदच्या कुळातलं तंतुवाद्य. नासपतीची अर्धी फोड पालथी घालावी तशी त्याची पाठ, पातळ पट्ट्या जोडून केलेली. तारा आतड्याच्या, बहुतेक जोडीजोडीनं लावलेल्या. मानेवरचे पडदेसुद्धा आतड्याचेच, बांधलेले. बोटांनी छेडायचं, आवाज अगदी बेताचा. दमट हवेत तारा बेसूर व्हायच्या त्याही आपल्यासारख्याच. माटेसोन नावाच्या जर्मन संगीतज्ञानं तर हिशेबच मांडला होता की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं वाद्य लावण्यात गेलेली असणार.

जॉन डाउलंड या इंग्रज गायक-वादकानं १५९७ मध्ये ल्यूटच्या साथीच्या गीतांचं पहिलं पुस्तक छापलं. त्याची पानं मला फार आवडतात. उघडलेल्या पानावर वेगवेगळ्या आवाजांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापल्या आहेत, म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या चौघांना एकाच पुस्तकावरून गाता यावं. पाहिजे तर एकट्यानं ल्यूट घेऊन गावं. ल्यूटच्या लिपीत स्वराची उंची लिहिलेली नसते, कुठल्या तारेवर कुठल्या पडद्याशी बोट ठेवायचं तेवढंच असतं. ल्यूट मोठं घेतलं की गाणं आपोआप खाली येतं. आजींची पट्टी उतरली तसंच.

एक फरक मोठा आहे. तानपुरा सूर धरून ठेवतो, ल्यूट गाणाऱ्याशी बोलत जातं. आपल्याकडे ते बोलण्याचं काम पेटी करते. पण दोन्हीकडच्या गाण्यांचा प्रवास सारखा वाटतो. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधल्या गाण्यांना रॉबर्ट जॉन्सन या दरबारी ल्यूटवादकानं चाली दिल्या, आणि नाटकापासून सुटी होऊन ती गाणी आजही गायली जातात. आपल्याकडे ‘मानापमान’च्या (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवांच्या चाली नाटकातून बाहेर पडल्या आणि घरोघर पेटीवर वाजू लागल्या. आज त्या नाटकांचे प्रयोग क्वचित होतात, पदं मात्र बैठकीत जिवंत आहेत. विसाव्या शतकात ल्यूटची गाणी पुन्हा कानावर आली ती ज्युलियन ब्रीम यांच्यासारख्या वादकांमुळे. इंग्रज गायिका एमा कर्कबी तर सत्तरी ओलांडल्यावरही ती गात राहिल्या. त्यांचा आवाज मी ध्वनिमुद्रणातूनच ऐकला आहे. एवढ्या मृदू गाण्यात इंग्रजी शब्द न् शब्द कळतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आजींच्या बैठकीतही शब्दच पुढे आला. पूर्वी ज्या जागेवर त्या तीन आवर्तनांची तान घेत, तिथे त्यांनी या वेळी फक्त गंधार लावला आणि थांबल्या. काकांनी लगेच पेटी थांबवली, नुसता तबला चालू राहिला. मग तो शब्द त्यांनी निराळ्या वजनानं पुन्हा म्हटला, रागावलेल्या नायिकेचा होता तो समजूत पटलेल्या बाईचा करून. पुढे बसलेल्या एक काकू “अहाहा” म्हणाल्या, ते आजींनी ऐकलं आणि त्याच शब्दाकडे तिसऱ्यांदा वळल्या. ही देवघेव अंधारात बसलेल्या हजार माणसांशी होत नाही. गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसावा लागतो.

अशी बैठक कुणालाही घरी करता येते, आणि ती करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. एसी आणि पंखा बंद ठेवायचा; उकडतं, पण तानपुरा टिकतो. खिडक्या रस्त्याच्या बाजूच्या लावायच्या, मागच्या उघड्या. म्हाताऱ्या कलावंतांना मांडी घालून दोन तास बसवत नाही, म्हणून पाठीला लोड आणि मध्ये चहाची सुट्टी. पेटी-तबला-तानपुऱ्याची मंडळी आधी तासभर येतात, त्यांच्यासाठी आतली एक शांत खोली मोकळी हवी. आणि मानधनाचं पाकीट सगळ्यांना, साथीदारांनासुद्धा, गाणं सुरू होण्याआधी द्यावं. घरगुती आहे म्हणून ते टाळायचं नाही. या लोकांनी उभा जन्म रात्री-अपरात्रीच्या शेवटच्या लोकलनं घर गाठत साथ केली आहे. निदान आता त्यांना रिक्षानं दारापर्यंत पोचवावं.